बॉर्डर नानांचा कोरा होकार

नानांना कोरा कागद बघवत नसे. कागद दिसला की त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जाई आणि बोलता बोलता त्या कागदाला चारही बाजूंनी वेल फुटे. लाइट बिल, रेशनकार्डाचा फॉर्म, एसटीचं तिकीट, कशाचीही सुटका नव्हती. एकदा रक्त तपासून आले, तर रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याच्या कडेनं आंब्याची पानं आली होती. डॉक्टर म्हणाले, "नाना, साखर वाढलीय." नाना म्हणाले, "गोडच बातमी आहे की मग!" सगळं जळगाव त्यांना 'बॉर्डर नाना' म्हणे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि नाना ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवीत.

नवी पेठेत त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. मूळचे धुळ्याकडचे, तरुणपणी जळगावला आले आणि इथलेच झाले. रावेरपासून दोंडाईचापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी नानांकडे चक्कर व्हायची, मग मंगल कार्यालय बघायचं. नमुन्यांच्या जाडजूड वह्या होत्या त्यांच्याकडे. बॉर्डरीचे नमुने वेगळे, मजकुराचे वेगळे. गिऱ्हाइकानं नुसती बोटं ठेवायची, "ही बॉर्डर, हा मजकूर", की झालं काम.

मीही धुळ्याचीच. लग्न होऊन जळगावला आले, यजमान बँकेत, मुलगी शाळेत जायला लागलेली, आणि माझ्याकडे संगणकाचा एक डिप्लोमा पडून होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ई-मेल नावाचं काहीतरी निघालंय आणि त्यानं परदेशातल्या माणसाला पत्र लगेच पोचतं, एवढी बातमी गावात आली होती. नानांच्या छापखान्याचा पुढचा अर्धा भाग रिकामा होता. तो मी भाड्यानं घेतला, संगणक मांडला, टेलिफोनला मोडेम जोडला आणि 'ई-मेल सेंटर' सुरू केलं. पाटी नानांनी फुकट करून दिली. पाटीवरचं 'ई-मेल' शोधायला लोकांना वेळ लागे, कारण बॉर्डरनं बरीचशी जागा खाल्ली होती.

नानांचा एक कायदा होता: "बिनकुंकवाचा कागद कुणाच्या दारी जाऊ नये." मंगलकार्याच्या पत्रिकेला आपण कोपऱ्यांवर हळदकुंकू लावतो, आणि कुणी गेल्याचं कार्ड असेल तर त्यावर 'श्री' नसतो, कोपरा फाडलेला असतो, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. नाना मात्र सगळ्या दुनियेचे कागद या दोनच ढिगांत टाकत. सेंटरवर आलेली पहिली मेल असोद्याच्या एका भाऊंची होती, त्यांचा मुलगा मस्कतला. मी ती छापून भाऊंच्या हातात दिली. काळी बारीक अक्षरं, वर श्री नाही, रंग नाही, काही नाही. नानांनी लांबूनच तो कागद पाहिला, चहाचा कप खाली ठेवला, टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

भाऊ दचकले. "कोणी नाही हो नाना, पोराला बढती मिळाली!"

"मग असं सुतकी कशाला लिहिलंय?" असं म्हणून नानांनी तो कागद ओढून घेतला, कपाटातली कुंकवाची डबी काढली, कोपऱ्यांवर बोटं टेकवली, आणि मगच भाऊंना तो घरी नेऊ दिला. त्या दिवसापासून माझ्या सेंटरवरून कुंकू न लागता एकही मेल बाहेर पडली नाही. येणाऱ्या मेलची अशी सोय झाली. जाणाऱ्या मेलचं काय, याची चिंता नानांना लागून राहिली.

ती चिंता मीच मिटवली, ही माझी घोडचूक. मेल लिहायच्या खिडकीत वर एक यादी होती आणि तिच्यात दोन पर्याय होते. एक साधा मजकूर: काळी, एका मापाची अक्षरं, बाकी शून्य. दुसरा सजवलेला: रंग घ्या, अक्षर मोठं करा, मागे फुलांचं पान टाका, चित्र चिकटवा. साध्याचा गुण असा की तो भुर्रकन जातो आणि जगाच्या पाठीवर कुठल्याही संगणकावर जसाच्या तसा दिसतो. सजवलेला कधी पोचतो, कधी अडकतो, आणि समोरचा संगणक जुना असला तर त्याचं पार खोबरं होतं. हे सगळं मी नानांना नीट समजावून सांगितलं. नानांनी त्यातला 'फुलांचं पान' एवढाच भाग ऐकला.

मग काय विचारता! नानांनी छापखाना कामगारांवर सोडला आणि माझ्याशेजारी स्टूल टाकून बसले. माणूस मेल सांगायला आला की मी मजकूर टाइप करायची, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं पलीकडे उमटण्याची खात्री नसे. माझं झालं की नाना म्हणत, "आता सरका, ताई." रावेरच्या एका केळीवाल्यांना दिल्लीच्या आडत्याला भाव कळवायचा होता. दोन ओळींचं काम. नानांनी त्याला दोन्ही बाजूंनी मोर उभे केले. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून उत्तर आलं, "रेट मंजूर. मोर नहीं चाहिए." दोंडाईचाच्या मिरचीवाल्या शेठजींचं पत्र नानांनी मालाला शोभेल म्हणून नखशिखांत लाल केलं, तर इंदूरच्या व्यापाऱ्यानं घाबरून फोनच केला, "शेठजी नाराज हैं क्या?" गिऱ्हाइकं तक्रार करतील म्हणून मी वाट बघत होते. गिऱ्हाइकं खूश! असोद्याचे भाऊ तर म्हशीला रेडकू झाल्याची बातमी कळवायला आले आणि मला म्हणाले, "ताई, तुमचं राहू द्या, नानांना लिहू द्या."

गणपतीचा प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. नानांनी एका मेलच्या माथ्यावर गणपतीचं रंगीत चित्र चढवलं. ते जायला पंधरा मिनिटं लागणार होती. पट्टी सरकत निम्म्यावर आली आणि टेलिफोनची लाइन तुटली. नाना ताडकन उभे राहिले. "गणपती अर्ध्या वाटेत?" मी सांगितलं, अर्धं चित्र कुठेच जात नाही, सगळं रद्द होतं. पटेना. त्यांनी संगणकाला उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला आणि मला सगळं पहिल्यापासून पाठवायला लावलं. खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं. माझ्या की-बोर्डमध्ये गेलेला किस मी आठवडाभर टाचणीनं काढत होते.

आमची भांडणं रोजची. ते चहाला गेले की मी गुपचूप 'साधा मजकूर' निवडून मेल पाठवून टाकायची. पकडली गेले की नाना दुखावल्या आवाजात म्हणत, "ताई, भात जमिनीवर वाढतात का? पत्रावळ लागतेच ना?"

"लागते नाना. पण तुम्ही भात विसरता आणि पत्रावळीच वाढत सुटता."

यावर ते मनापासून हसत आणि पुढच्या मेलला दुप्पट फुलं लावत. नानांचा राग येणं अवघड होतं. आला तरी टिकत नसे.

या माणसाला एकच मुलगी, संध्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती जर्मनीतल्या एका विद्यापीठात संशोधनाला गेली होती. तिथल्या प्रयोगशाळेतला संगणक जुना होता. काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. त्यामुळे तिची मेल नेहमी साधी असे. नाना तिच्या प्रत्येक मेलला कुंकू लावून घरी नेत आणि माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवत.

मे महिन्यातल्या एका सोमवारी तिची मेल आली. मी ती वाचत होते आणि माझा आवाज बारीक होत चालला होता.

"नाना, माझ्याबरोबर इथे बालसुब्रमण्यम नावाचा मुलगा काम करतो. मद्रासचा आहे. आम्हाला लग्न करायचं आहे. शुक्रवारी इथल्या नोंदणी कार्यालयात कागद द्यायचे आहेत. पुढच्या महिन्यात त्याला दुसऱ्या देशात नोकरीवर जायचं आहे, नंतर सगळंच अवघड होईल. पण तुमचा होकार आल्याशिवाय मी कागद देणार नाही. फोन करू नका. फोनवर तुम्ही 'बरं, बरं, बघू' म्हणता आणि मला काहीच कळत नाही. लिहून कळवा. तुमची संध्या."

नानांनी छापलेला कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पूर्ण नाव काय म्हणालात?"

"बालसुब्रमण्यम."

"हे कुठल्याच बॉर्डरीत बसणार नाही," ते म्हणाले आणि उठून घरी गेले. कुंकू लावायलाही थांबले नाहीत.

मंगळवारी नाना आले नाहीत. ऐन लग्नसराईत छापखान्याचा मालक घरी! सख्ख्या पोरीच्या लग्नाला हा माणूस नाही म्हणतो की काय! बुधवारी सकाळी मात्र दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून हजर. म्हणाले, "ताई, मी विचार केला. संध्यानं आयुष्यात कधी जून भेंडीसुद्धा निवडून आणली नाही. मुलगा चांगलाच असणार. पाठवू या होकार." आणि मोठ्या कामाला बसावं तसं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मी आनंदानं टाळ्याच पिटल्या. आणि इथे मला कबूल केलं पाहिजे, त्यानंतर जे झालं त्यात माझाही हात होता. तिच्याकडचा संगणक कसला आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नाना असे काही रंगात आले की माझ्यासारखी साध्या मजकुराच्या बाजूची बाईसुद्धा वाहवत गेली. वर गणपती, खाली कलश, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मोरांची जोडी, आणि मधोमध वहीतला नमुना नंबर एक, "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून "आपले नम्र" पर्यंत. तोही नानांच्या छपाईतला, चित्र करून चिकटवलेला, म्हणजे मराठी अक्षरं बिघडायला नकोत. अक्षरांना लालभडक रंग द्या, हे कुणी सुचवलं? मी! दोन दिवस आम्ही दोघं त्या मेलवर बसलो होतो. लाइन तीनदा तुटली आणि गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ती मेल एकदाची गेली. आम्ही एकमेकांना पेढे दिले.

शुक्रवारी साडेबाराला तिचं उत्तर आलं.

"नाना, तुमची मेल आली आहे आणि सकाळपासून पडद्यावरून खाली खाली सरकते आहे. नुसती अक्षरं, आकडे आणि चिन्हं. वाचण्यासारखे दोनच शब्द सापडले, 'रेड' आणि 'सेंटर'. तुम्ही रागावलात का? बालू म्हणतो, इतकं लांबलचक पत्र म्हणजे नकारच असणार, होकार लहान असतो. कार्यालय इथल्या बाराला बंद होतं. हो की नाही, एवढंच कळवा."

'रेड' आणि 'सेंटर' म्हणजे रंग लाल आणि मजकूर मधोमध, हे संगणकाला दिलेले आमचेच हुकूम होते. त्यांचे बारा म्हणजे आपले साडेतीन. मी हिशेब सांगितला. नाना म्हणाले, "मग फक्त गणपती पाठवू. एकच, छोटासा."

माझा तोल सुटला. "नाना, गणपती नाही! मोर नाही! केळीचा खांब नाही! साधा मजकूर, आणि आत्ताच्या आत्ता!"

नानांचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "ताई," ते म्हणाले, "साऱ्या मुलखाच्या पोरींना मी कुंकू लावून सासरी पाठवलं. माझ्या पोरीच्या लग्नाला कोरा कागद जाऊ देऊ? काही वाईट झालं तिचं तर?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना दोन वर्षं हसत होते आणि या माणसाला खरोखरची भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली. पण घड्याळ थांबत नव्हतं. मी समजावत होते, ते मान हलवत होते, असे दोन वाजले.

तेवढ्यात माई आल्या. नाना जेवायला आले नाहीत म्हणून भर उन्हात डबा घेऊन चालत आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पदरानं घाम पुसला आणि नवऱ्याकडे वळून धुळ्याकडच्या बोलीत म्हणाल्या, "कुंकू कागदले लागस. तोंडना शब्दले नही लागत. माले मागाले उनात, तवय मना बापनी तुम्हले काय कागद धाडा व्हता का? वट्टावर बशीसन 'हो' म्हनेत, व्हयनं! काय वाईट व्हयनं मनं?"

म्हणजे नाना मागणी घालायला गेले तेव्हा माईंच्या वडिलांनी ओट्यावर बसूनच होकार दिला होता. नाना "काहीच नाही," असं पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या ताई. साधा मजकूर."

मी यादीतला वरचा पर्याय निवडला. पडदा पांढराफटक झाला. नानांनी डोळे मिटून सुरुवात केली, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी संध्या हिस अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष..." आणि थांबले. "पुढे काय?"

"पुढे तुम्ही बोला नाना."

नाना नमुन्यांच्या वहीकडे बघायला लागले. माईंनी हात लांब करून ती वही मिटून टाकली. हजारो लग्नांचे मजकूर छापलेल्या माणसाला चार शब्द सुचेनात. आणि मग एकदम ते बोलायला लागले, गावाकडच्या बोलीत, जी मी त्यांच्या तोंडून छापखान्यात कधीच ऐकली नव्हती. मी आधीचं सगळं पुसलं आणि जसं ऐकलं तसं टाइप केलं:

"संध्या, हो. तुले जो आवडना, तो आम्हले बी आवडना. तुनी माय रडी ऱ्हायनी पन हासी बी ऱ्हायनी. त्याले सांग, नाव मोठं शे पन चाली जाई. तू कागद दी दे. तुना नाना."

मी बटण दाबलं. दोन सेकंद.

"गेलं?" नाना म्हणाले. "एवढ्यात?" त्यांना फसवल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी टेबलाखाली वाकून टेलिफोनची वायर तपासली.

मग आम्ही तिघं पडद्यासमोर बसून राहिलो. अडीच झाले. पावणेतीन झाले. पत्रिका न्यायला आलेली चार गिऱ्हाइकं, कंपोझिटर, मशीनवाला, सगळे मागे येऊन उभे राहिले, काय चाललंय ते कळलेलं. मी दर पाच मिनिटांनी लाइन जोडून बघत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी एक ओळ आली.

"नाना, कागद दिले. बालू प्रयोगशाळेत नाचतोय. मी पण."

पुढची पाच मिनिटं नीट सांगता येणार नाहीत. नाना अनवाणी रस्त्यावर धावले, जळगावच्या मे महिन्यातल्या डांबरावर! समोरच्या रसवंतीवाल्याला त्यांनी मिठी मारली आणि ओरडले, "मन्ही पोरनं लगीन ठरनं! बठ्ठासले रस!" सगळ्यांना रस म्हटल्यावर रिक्षावाले थांबले, सायकलवाले उतरले, बँकेतून निघालेले माझे यजमानही सापडले. माई दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "चप्पल घाला, पाय भाजतीन!" मी तीन ग्लास रस प्यायले. एक वरपिता पत्रिकांची चौकशी करत होता, त्याच्या हातात नानांनी रसाचा ग्लास कोंबला आणि त्यालाच आशीर्वाद दिला.

या प्रसंगानं नाना सुधारले असं मात्र कुणी समजू नये. सोमवारी ते पुन्हा माझ्याशेजारी स्टुलावर होते आणि कुणाच्या तरी मुळव्याधीच्या औषधाच्या चौकशीला कमळं लावत होते. मीच जरा बदलले. गुपचूप पर्याय बदलायचं सोडून दिलं.

पुढे यजमानांची बदली झाली आणि सेंटर बंद करून आम्ही नाशिकला आलो. निरोपाच्या दिवशी नाना बसस्टँडवर आले आणि बस हलल्यावर खिडकीवर टक टक करून म्हणाले, "ताई, जास्त साधं नका राहू."

नाना गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा मी पहिल्या गाडीनं जळगावला गेले. घर माणसांनी भरलं होतं. माई भिंतीला टेकून बसलेल्या, तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. संध्या नवऱ्याला घेऊन सकाळीच पोचली होती. उंचच्या उंच, जाड चष्म्याचा बालू, मराठीचा गंध नाही, कुठे बसावं ते कळत नव्हतं त्याला. शेवटी तो माईंच्या समोर सतरंजीवर बसला. मग त्यानं घसा खाकरला आणि त्याच्या मद्रासी हेलात सुरुवात केली, "संध्या, हो. तुले जो आवडना, तो आम्हले बी आवडना..." सगळं, 'तुना नाना'पर्यंत. एक शब्द चुकला नाही. मग ओशाळून हिंदीत म्हणाला, "मेरे को इतना ही आता है."

माईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, आणि मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. हसता हसता रडल्या. मग डोळे पुसून, जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "परत म्हन."

त्यानं पहिल्यापासून परत म्हटलं.